ताटाच्या वर दीड हात

सोलापूर, २ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप दादांना वच्छलाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत (मामंजींचं कपाळ सोडून, ते पुढे येईल). तुमचा खोकला कसा आहे? वहिनींनी काढा करावा आणि तुम्ही तो प्यावा. दोन्ही लिहिते, कारण एक लिहून भागत नाही.

तर लग्नात तुम्ही पुण्याहून आणलेला टांगता दिवा अखेर लावला. दिव्यात काही खोट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनाला लावून घ्याल. नारिंगी रंग सगळ्यांना आवडला. (सगळ्यांना म्हणजे मला. खरं ते लिहावं.) देताना तुम्ही बजावलं होतं की हा छताला चिकटवायचा नाही, जेवायच्या ताटाच्या वर दीड हात टांगायचा, म्हणजे उजेड अन्नावर पडतो, डोळ्यांत जात नाही. बाराखडीपासून भागाकारापर्यंत मला घरी तुम्हीच शिकवलं, तेव्हा तुमचा शब्द कसा मोडणार? वायरमन आला तेव्हा हे गिरणीत, मामंजी बाजारात, सासूबाई देवळात. मी माजघरात पाट मांडला, पुढे ताट ठेवलं, ताटावर दीड हात मोजला आणि म्हटलं, इथे. तो पुन्हापुन्हा विचारत होता, बाई, नक्की ना? मी म्हटलं, पुण्याहून सांगून आलंय. तुमच्याकडे ताट टेबलावर असतं, हे मला तो गेल्यावर आठवलं.

मामंजी आले ते गुडघ्याने दिव्यावर. मग जेवायला बसले आणि पहिल्या घासाला वाकले ते कपाळाने. तसेच ताट उचलून ओसरीवर गेले. (शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.) हे दिवा ओलांडून निघाले, तर सासूबाई कडाडल्या, "दिवा वलांडतूस व्हय रं?" तेव्हा तेही भिंतीला घासत वडिलांच्या मागे गेले. दिवेलागणीला आपण हात जोडतो तसे सासूबाईंनीही जोडले, पण हा दिवा हाताशीच असल्यामुळे त्याला हळदकुंकूही लावलं, आणि आता तो काढा म्हणायची कुणाची छाती नाही. शेजारच्या गौरम्मा दिव्याच्या टोपलीसारख्या झाकणाखाली वाकून म्हणाल्या, "कोंबडी डालली हाय का काय गं आत?" तेव्हापासून गल्लीतली बायकामाणसं कोंबडी बघायला येतात.

दादा, मला भारी अवघडल्यासारखं होतं. या घरात मी आणलेली ही पहिली वस्तू, आणि तिच्यापायी घरधनी ओसरीवर जेवतात. तुम्ही एकदा येऊन दिवा घेऊन जा. तुम्ही काढलात तर सासूबाई बोलणार नाहीत. आईला यातलं काही कळवू नका. दूध उतू जातंय, थांबते.

तुमची आज्ञाधारक,
वच्छला

ता. क. दूध गेलंच. दिवा न्यायला येऊ नका. वर एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती न लिहिणं खोटं बोलण्यासारखंच होईल. पूर्वी पुरुषांचं झालं की आम्ही दोघी स्वयंपाकघरात अंधारातच जेवायचो. आता माजघर रिकामं, म्हणून दिव्याच्या दोन बाजूंना बसतो. उजेड नुसता ताटांवर पडतो. पहिल्याच दिवशी सासूबाई माझ्या ताटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कालवणच न्हाय की गं. रोज असंच खातीस व्हय?" मी भाकरी मोडत राहिले. आता त्या आधी मला वाढतात, मग ओसरीवर ताटं जातात.

ता. ता. क. ह्यांचं पत्र येईल. वायरीला गाठ मारून दिवा वर घेतला तर चालेल का, म्हणजे पुन्हा आत जेवता येईल, असं त्यात विचारलेलं असेल. चालतं, मला माहीत आहे. आपल्या बार्शीच्या घरी तुम्हीच अशी गाठ मारली होती. कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल, म्हणून मी ह्यांच्यापुढे दिव्याचा विषय काढत नाही. तुम्हीही खोटं लिहू नका. फक्त उत्तर जरा उशिरा लिहा. निमित्ताला तुमचा खोकला आहेच.