नडीसाठी राखलेली चाळीस मशिनं

ती. मामींना नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नाही, हे ताईने कळवलंय. तिने कळवलं हे मात्र मी सांगितलेलं नाही.) मी ठीक.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही दोनदा विचारलंत. पाच संस्थांचे मोठे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आहेत. ज्याची मशिनं रिकामी असतील, त्यावर दुसऱ्याने आपली गणितं चालवायची. कुणाचा नंबर कधी, ती रांग मी सांभाळते. नऊ दिवसांपूर्वी सगळ्यांची कामं एकदम आली आणि ही रांग तुंबली. हवामानवाल्या सरांचा फोन आला, "अहो बाई, आमचं वादळ तुमच्या रांगेत उभं राहून विरून गेलं. आता अंदाज कशाचा सांगू?" कुणीतरी मशिनं अडवून बसलंय अशी माझी खात्री झाली, म्हणून इतर चारही संस्थांना पत्रं धाडली (नम्रच, पण 'खेदपूर्वक' हा शब्द तीनदा). मग काल यादी ओळीओळीने तपासली, तर चाळीस मशिनं अडवलेली सापडली आणि पुढे नाव माझं. रुजू झाले त्याच आठवड्यात मीच ती बाजूला ठेवली होती, अचानक कुणाची नड निघाली तर असावीत म्हणून. सांगितलं कुणालाच नाही. (सांगितलं असतं तर लोकांनी नडी काढल्या असत्या.) सहा महिने ती रिकामीच चालू होती, आणि पंखे त्यांना वारा घालत होते. मला वाटत होतं, मी जपतेय. हात आखडलाय हे कळलंच नाही.

आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मशीनवर ढकल. ते काही उलट बोलत नाही." पण मामी, आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे चूक माझ्या एकटीची वाटतच नाही, सगळ्या घराची वाटते. शुक्रवारी पाचही संस्थांची बैठक आहे. मला कायम करायचं की नाही, ते तिथेच ठरेल.

तुमची भाची

ता. क. मशिनं कालच सोडली. दुपारपर्यंत रांग सरकू लागली. सगळ्यांना वाटलं, माझ्या पत्रांचा धाक बसला. दोन संस्थांनी तर माफी मागितली, काहीही केलेलं नसताना.

आणखी एक. ती माफी मला वाचवेना. आज सकाळी सगळ्यांना खरं काय ते लिहून पाठवलं. नोकरी गेली तर बाबांना तुम्ही सांगाल का? मीही सांगेन, पण ते आधी "जेवलीस का?" विचारतील, आणि मग मला बोलता येणार नाही.