चार बोटं खाली

१ जानेवारी १९५८, बुधवार
गिरगावातल्या छापखानेवाल्याने नव्या वर्षाची डायरी भेट दिली. त्याच्या मशीनचा बिघाड मी नुसत्या कानाने ओळखला होता. कापडगिरणीच्या साचेखात्यात बारा वर्षं काढली, दोनशे मागांच्या धडधडाटात समोरच्याचा शब्द न् शब्द कळायचा. असा कान अख्ख्या लालबागमध्ये दुसरा नाही. त्या कानावर वर्कशॉप उभं केलं.
संकल्प: चिडायचं नाही. विडी बंद. जयवंतचा विषय बंद.
जयवंत मिस्त्री, माझा पार्टनर. श्रावणात गेला. अठरा वर्षं वर्कशॉपमध्ये माझ्या समोर उभा. तो हात, मी कान, असा धंदा वाढला. तो गेल्यापासून वर्कशॉप गप्प झालंय. लेथसुद्धा दबक्या आवाजात चालते. यंत्रांनाही सुतक असतं बहुतेक.
संध्याकाळी ७. एक विडी ओढली. उद्यापासून.

४ जानेवारी, शनिवार
मोठं काम आलं. घोलवडचे गंगाधर सावे. चिकूची वाडी, छोटा इंग्लिश ट्रॅक्टर, आणि एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा. ट्रॅक्टरच्या मागे नांगर तीन दांड्यांवर टांगलेला असतो. वरची दांडी लांब-आखूड केली की नांगराचं नाक वर-खाली होतं, बाजूची केली की एक अंग कलतं. दोन्ही हाताने, स्क्रू फिरवून. म्हणजे दर उताराला खाली उतरायचं. सावे दोनदा पडलेत. त्यांना तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दांड्या हव्यात. सीटवर बसून खटका ओढायचा, झालं काम. भाऊ म्हणतात, दादा, शिमग्यानंतर ड्रायव्हर ठेवू, तुम्ही आपले ओटीवर बसा. सावे मला म्हणाले, परबशेठ, माणसाला एकदा ओटीवर बसवला की पुढे फक्त उचलतात.
मी म्हटलं, सत्तावीस तारखेला या, तयार. रघुवीरने, आमच्या टर्नरने, समोरून डोळे वटारले. दुर्लक्ष केलं.
जयवंत असता तर नकोच म्हणाला असता. त्याचं एकच. माणसाने सीटवरून उतरावं, माती बघावी. पण विषय बंद.

८ जानेवारी, बुधवार
रघुवीरला घेऊन कुर्ल्याच्या भंगारबाजारात. लढाईतल्या विमानांचे सिलिंडर डिस्पोजलमध्ये आलेत. दुकानदार काचेच्या केबिनमध्ये कारकुनाला कुजबुजला, वो लंबावाला चिपका दे इसको, दो साल से पडा है. तो काचेच्या आत, मी बाहेर, तरी मला ऐकू आलं! तो बाहेर येताच म्हटलं, लंबावाला आपकोच मुबारक. त्याचं तोंड बघण्यासारखं. रघुवीरने कानाला हात लावला.
तीन प्रकार होते. लांबडा पूर्ण मिटला तरी जुन्या दांडीपेक्षा मोठा, नांगर बसणारच नाही. दुसरा तेलाने नुसता ढकलतो, परत ओढत नाही. तिसरा दोन्ही करतो, मापही चपखल. त्यातले दोन घेतले, एक वरच्या दांडीला, एक बाजूच्या. निघताना दुकानदार पाठ करून फळीवर काहीतरी धुंडाळत राहिला, अगदी गप्प. हरलेला माणूस असाच गप्प होतो.

९ जानेवारी, गुरुवार
सिलिंडर चौकटीला टांगला, खटका आणि तेलाची टाकी जोडली. हातपंपाने तेल भरलं, खाली सहा मणांचं जुनं फ्लायव्हील. उचललं! खांबावर खडूने रेघ मारली. कान लावला. ठार शांत. तेल जरा जरी निसटत असतं तर मला कळलं असतं. पेढे वाटले.

१० जानेवारी, शुक्रवार
सकाळी फ्लायव्हील रेघेच्या चार बोटं खाली. रघुवीरला झापलं. म्हणाला, आईशप्पथ शेठ, हात नाय लावला. पहिला संकल्प मोडला. वाईट वाटून त्याला विडी दिली. एकट्याने ओढणं बरं दिसत नाही म्हणून एक मीही.

११ जानेवारी, शनिवार
दोन कुलपं लावून गेलो होतो. पुन्हा चार बोटं. जमिनीवर तेलाचा डाग नाही. कान लावला, शांत. गळती नाही. माणूस नाही. मग उरलं कोण?
लिहिणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. बायको, बकुळा, तोंड फुगवून. विचारलं तर म्हणते, स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या, ढिम्म हलला नाहीत. साफ खोटं. मी गॅलरीत पेपर वाचत होतो, हाक आली असती तर कळली नसती? ही हल्ली हाकच मारत नाही आणि वर मारली म्हणते. पूर्वी हिच्या बांगड्या वाजायच्या, त्याही वाजत नाहीत. वर्कशॉपचं लोण घरापर्यंत आलंय. एकेक आवाज कोणीतरी उचलून नेतंय.
संध्याकाळी नायगावला, राधावहिनींकडे. जयवंतचं वर्ष व्हायचंय, त्यांना सण नाही. नुसता बसून आलो. वहिनीही जयवंतसारख्याच बोलतात, अगदी पुढ्यात उभं राहून, तोंड मोठं उघडून. चाळीतली पद्धत.

१७ जानेवारी, शुक्रवार
शेवटी रघुवीरच बोलला. शेठ, मिस्त्री येतत. त्येंका ह्या तेलाचा काम आवडाचा नाय. मी सांगितलं, मी आधुनिक माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. नारळ फोडला. दुपारी जयवंतच्या स्टुलावर अर्धा कप चहा ठेवला. पाच मिनिटांनी वळून बघतो तर कप रिकामा. रघुवीर म्हणतो, मी घेतला शेठ, तुम्हाला विचारून. कधी विचारलं? अंगावर काटा आला. तो पोरगा मिस्त्रीला पाठीशी घालतोय.

१९ जानेवारी, रविवार
परळला सभा. लाउडस्पीकर पार बंद पडलेला. पुढारी तासभर हातवारे करत होते, तोंडापुढे माइक, ओठही दिसेनात. तरी हजारो लोक वेळच्या वेळी टाळ्या वाजवत होते, मध्येच हसतसुद्धा होते. याला म्हणतात निष्ठा. संयुक्त महाराष्ट्र होणार, कोणी अडवू शकत नाही. टाळ्या मीही वाजवल्या. थोड्या उशिरा.

२३ जानेवारी, गुरुवार
पाठीशी सतत कोणीतरी उभं असतं. दचकून वळलो की रघुवीर. घामाघूम. म्हणतो, कधीचा हाका मारतोय. त्यालाही लागलेलं दिसतंय काहीतरी.
सगळे जेवायला गेल्यावर मीच बोललो. म्हटलं, जयवंता, भांडण तुझं-माझं. एवढं एक काम होऊ दे, त्या माणसाला ओटीवर बसवतील रे. फ्लायव्हील जरासं हललं. बहुतेक हललं.
उद्यापासून विडी नक्की बंद.

२७ जानेवारी, सोमवार
सावे आले. सगळं खरं सांगून टाकलं. यंत्र निर्दोष आहे, अडचण वरच्या दर्जाची आहे. तुमच्या घोलवडला कोणी जाणता असेल तर बघा.
सावे स्टूल ओढून सिलिंडरजवळ बसले, मान कलती केली. मग म्हणाले, परबशेठ, ही सूं सूं कसली?
म्हटलं, कसली सूं सूं?
रघुवीर खाली बघायला लागला. चहावाला दारात उभा होता, तो म्हणाला, होय की, टायरातनं वारा जावा तशी. दारातून! सावेंनी माझा हात धरला, बोट खटक्याच्या नळीवर ठेवलं. बोटाखाली बारीक थरथर. तेल आतल्या आत टाकीत परत जात होतं. बोटाला कळलं.
मला वाटलं, हसतील. सावे माझ्या तोंडासमोर वाकून सावकाश म्हणाले, होतं शेठ. पाय गेल्यावर मीही सहा महिने रोज सकाळी पलंगावरून दोन्ही पाय खाली टाकत होतो.

२८ जानेवारी, मंगळवार
रघुवीरला समोर बसवला. म्हणाला, कुर्ल्याचा दुकानदार फळीवर शोधता शोधता दोनदा ओरडून सांगत होता, इसके साथ लॉक व्हॉल्व्ह ले जाव, नहीं तो वजन बैठ जायेगा. मला वाटलं, शेठने ऐकलं आणि मुद्दाम गप्प राहिले. तुमचा कान म्हणजे… पुढचं त्याने गिळलं. गिळलेलं मला दिसतं.
संध्याकाळी नायगाव. वहिनींना विचारलं, जयवंतला माहीत होतं? त्या उठून समोर आल्या. म्हणाल्या, भावजी, दहा वर्षं. घरी तुमच्याबद्दल सांगायचे, शाम्याला कळलं तर खचेल. आवाज मी ऐकतो. तो बेअरिंगपाशी कान नेतो, मी समोरून भुवई उडवतो, तो म्हणतो बेअरिंग गेलं. गिऱ्हाईक खूष, शाम्या खूष.
भुवई. मला वाटायचं, कौतुकाने उडवतोय.

३० जानेवारी, गुरुवार
पुन्हा कुर्ला. दुकानदाराला म्हटलं, मुंह इधर करके बोलो. बोलला. लॉक व्हॉल्व्ह म्हणजे मुठीएवढा डबा, सिलिंडरच्या तोंडाशीच बसतो, खटका ओढल्याशिवाय तेलाला परत सोडत नाही. दोन आणले, बसवले. फ्लायव्हील रेघेवर टांगलं. कान लावला नाही. रघुवीरला म्हटलं, तू लाव.

१ फेब्रुवारी, शनिवार
सावे आले. बसल्या जागेवरून खटका ओढला. वर, खाली, वर, खाली. पुरे म्हटलं तरी थांबेनात. म्हणाले, भावांना सांगतो, ओटी मोकळी आहे, आता तुम्ही बसा. सोमवारी दहाला दांड्या घेऊन जाणार. रघुवीर जोडायला बरोबर.
बकुळाला सांगितलं सगळं. ती म्हणाली, मला काय नवीन सांगता?

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी साडेसात. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडलं. फ्लायव्हील रेघेवर. काल रेघेवर, परवा रेघेवर, सूतभरही खाली नाही. रघुवीर आला, समोर उभा राहून तोंड मोठं उघडून म्हणाला, शेठ, मिस्त्री गेले. आणि पेढे आणायला पळाला.
मी स्टूल ओढून बसलो. अर्धा तास. एखादं बोट तरी खाली येईल म्हणून.