चाळीस सेकंदांनंतरचं मौन

ती. वन्सं यांना,

त्या सोमवारी मी उशांचे अभ्रे भिजत घातले, शेगडीच्या जाळ्या घासल्या, कुंड्यांना पाणी घातलं आणि मग नेहमीसारखी ह्यांच्या खोलीतल्या कंप्युटरवरची धूळ पुसायला गेले. तिथेच घात झाला. (नमस्कार राहिलाच. साष्टांग समजा; खरोखर वाकले तर कंबर पुन्हा सरळ होईल याची खात्री नाही. तुमचा गुडघा कसा आहे? गोळी जेवणानंतर घेता की शाळेतल्या शिपायावर ओरडून झाल्यावर? मी बरी आहे. वजन जिथल्या तिथे, झोप अधूनमधून.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला “मुद्द्यावर ये” म्हणता, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर यायला मला चार पानं तरी लागतील.

ह्यांचा कंप्युटर लिनक्सवर चालायचा हे तुम्हाला माहीत आहे. लग्नकार्यात कुणी नुसतं “काय चाललंय?” विचारलं तरी हे लिनक्सबद्दल बोलायला लागायचे. ते कुणाच्या मालकीचं नाही, फुकट मिळतं, हवं तसं उघडून बघता येतं, ही तुमच्या भावाची श्रद्धा. तत्त्व फुकटाचं, हौस मात्र विकतची. संगीताच्या कामाला छोटे छोटे प्रोग्रॅम लागतात, त्यांना प्लगइन म्हणतात. एक खरखर काढतो, एक आवाजाला गोलाई देतो. ह्यांचा जीव जडला एका घुमवणाऱ्यावर. भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग त्यातून गेलं की उंच छताच्या दगडी सभागृहात वाजल्यासारखं वाटतं. पण तो बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेबी लिनक्स नावाचं काही जगात नाहीच. म्हणून ह्यांनी मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसवला. प्लगइनला वाटायचं आपण आपल्याच घरी आहोत, लिनक्सला वाटायचं आपल्याकडे पाहुणा आलाय. दोघांचं फाटू नये म्हणून हे दिवसदिवस मध्यस्थी करत बसायचे. (आपल्या दोघींत कधी केली नाही एवढी.)

तर त्या सोमवारी पडद्यावर एक चौकोन आला होता. नवीन सुधारणा आल्या आहेत, घालू का? हा चौकोन चौदा महिने येत होता. हे गेल्यापासून मी रोज ‘नंतर’ दाबायचे. पण कुणी वर्षाहून जास्त इतक्या नम्रपणे दाराशी उभं राहून विचारत असेल तर किती दिवस उंबऱ्याबाहेर ठेवायचं? मी ‘होय’ दाबलं. दीड तास यंत्र घरघरत होतं. मधल्या वेळात दूध उतू गेलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

दीड तासाने पडदा स्वच्छ, हसरा. मला वाटलं, आज शुभ दिसतंय, आज ऐकावं. ह्यांनी शेवटचे तीन महिने एका चालीवर काम केलं होतं, ते कानाला हेडफोन लावून. मला म्हणाले होते, पूर्ण झाली की ऐकवतो. पूर्ण झाली त्या आठवड्यात दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर ती उघडायचा मला धीर झाला नाही. मला या यंत्रातलं एकच येतं, लांब पट्टी दाबली की वाजतं, पुन्हा दाबली की थांबतं. दाबली. व्हायोलिन सुरू झालं, मागून पियानो आला, आणि सगळं भरात असताना एकदम शांत. तीन सेकंद काहीही नाही. मग पुन्हा सुरू, पुन्हा भरात, पुन्हा शांत. वन्सं, शेवटच्या दिवसांत ह्यांना चार शब्द बोलले की थांबून दम घ्यावा लागायचा. मी ओळखलं. मी म्हटलं, या माणसाने स्वतःचा श्वास चालीत घालून ठेवलाय. ओट्यावरचं दूध तसंच टाकून मी तासभर तिथे बसले.

इथवर दुःखाचं होतं. पुढे माझा शहाणपणा सुरू होतो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, बाकी सगळं वाचनालयाच्या कपाटातून आलेलं. आणि असं कपाटातून आलेलं शहाणपण गप्प बसत नाही. मी फोन स्पीकरला लावून ती चाल उतरवून घेतली (मागे माझं नाक ओढणंही उतरलंय) आणि आमच्या वाचक मंडळात मौन या विषयावर चार पानांचा निबंध वाचला. दोन शब्दांमधली जागा हाच खरा शब्द, असलं काहीबाही. मग चाल ऐकवली. एक बाई रडल्या. निवृत्त इंजिनिअर आहेत एक, त्यांनी घड्याळ लावून सांगितलं की हे मौन बरोबर दर चाळीस सेकंदांनी येतं, हे जरा विचित्र आहे. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, “श्वास नियमितच असतो, तुमचा नसेल तर डॉक्टरला दाखवा.” टाळ्या पडल्या. मग तेच रेकॉर्डिंग निबंधासकट तुम्हाला पाठवलं. तुम्ही कळवलंत की भाऊ लहानपणापासून असाच खोल होता, आणि आता शाळेत रोज सकाळी माइकवर ती चाल लावता, मधल्या शांततेत पाचशे मुलं मान खाली घालून उभी राहतात. तो मजकूर मी तीनदा वाचला होता.

गेल्या शनिवारी ह्यांचा व्हायोलिनवाला मित्र आला. त्या चालीत वाजवलंय ते यानेच. मी अभिमानाने लांब पट्टी दाबली आणि पहिलं मौन आल्यावर डोळे मिटून घेतले. उघडले तर हा खुर्चीत दुमडून हसतोय.

“वहिनी, हे मौन-बिऊन काही नाही. लायसन्स गेलंय.”

“कुणाचं?”

“त्या घुमवणाऱ्याचं. विकत घेतलेला नसला की तो दर चाळीस सेकंदांनी तोंड मिटतो, गिऱ्हाइकाला लाज वाटावी म्हणून. तुम्ही काही केलंत का याला?”

“होय दाबलं.”

“झालं. दुभाषा बदलला. आता प्लगइनला वाटतंय आपण परक्या कंप्युटरवर आलोय.”

“मग ह्यांचा श्वास?”

“कंपनीचा आहे तो, वहिनी.”

मीही हसले. हसता हसता चहा टाकला आणि त्यात पत्ती घालायची राहिली. तो गुमान प्याला. तीन आठवडे मी एका दुकानदाराच्या तगाद्यासमोर मान खाली घालून बसत होते, आणि गावाला बसवत होते. त्याने तो घुमवणारा काढून चाल वाजवून दाखवली. खंड गेले, पण सगळं रजईखालून आल्यासारखं कोरडं. म्हणाला, तीन महिने हा माणूस ती एकच खुंटी पिळत होता, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे, ते सगळं त्या प्लगइनमध्ये आहे. म्हणजे ह्यांनी जी चाल केली ती अजून कुणी ऐकलेलीच नाही. मीही नाही. वन्सं, मला ती एकदा, फक्त एकदा, त्यांनी ठेवली तशी अखंड ऐकायची आहे. बाकी मला काही नको.

म्हणून कंपनीला पत्र लिहिलं. (व्हायोलिनवाल्याने इंग्रजी केलं, माझी दोन पानं त्याच्या तीन ओळींत बसली. काय गाळलं ते सांगत नाही.) उत्तर आलं की लिनक्स आमच्या यादीत नाही, दुसऱ्या कंप्युटरवर लावून पाहिलंत का? मी लिहिलं, नवरा दुसरा करायला सांगितल्यासारखं आहे हे. तिथली कुणी मुलगी असावी, तिला दया आली. तिने कळवलं की एका लायसन्सवर दोन कंप्युटर चालतात, दोन्ही जागा भरल्या आहेत, त्यातली एक मोकळी करून देते. पण जुनी लायसन्स या शुक्रवारी संध्याकाळी कायमची बंद होतायत, आणि त्याआधी खातेदाराची संमती लागेल. आज बुधवार.

असो. तब्येतीला जपा. जिने कमी चढा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : इंजिनिअरसाहेबांची काल घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी घड्याळ काढून दाखवलं, खरं तर बेचाळीस सेकंद होते, सभेत सोपा आकडा सांगितला, म्हणाले.

ता. क. २ : मुद्दा. खातेदार तुम्ही आहात. कंपनीने खात्याचा ई-मेल पत्ता तारे घालून झाकून दाखवला, पण शेवटचं शाळेचं नाव उघडंच होतं. नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी ते प्लगइन शिक्षकांच्या सवलतीत घेतलं, तुमच्या नावावर. तुम्ही सुट्टीत आमच्याकडे होतात आणि मेल उघडी टाकून अंघोळीला गेला होतात. कंपनीच्या दप्तरी तुम्ही संगीत विभागप्रमुख आहात. तुमच्या शाळेत असा विभाग नाही हे ह्यांना माहीत होतं. मलाही. ‘विभागप्रमुख’ मीच सुचवलं, नुसतं ‘शिक्षिका’ तुम्हाला शोभलं नसतं. तर कंपनीचं पत्र तुमच्या मेलमध्ये येऊन पडलेलं असेल, ते उघडून त्यावर ‘होय’ दाबायचं. रागावणं शनिवारी केलंत तर बरं. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

ता. क. ३ : गुरुवार. टपालाला चार दिवस लागतात हे पाकीट चिकटवल्यावर सुचलं. तुम्हाला फोन लावला, तुम्ही “बोल” म्हणालात, आणि मी हवापाणी विचारून ठेवून दिला. म्हणून आज सकाळच्या बसने निघाले. कंप्युटर चादरीत गुंडाळून खिडकीच्या सीटवर ठेवला, मी कडेला बसले. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. पडदा आणला नाही, तुमच्या ऑफिसात आहे. एकटीने ऐकवणार नाही मला. आता तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर बाकावर बसले आहे आणि हे पत्र शिपायाच्या हाती आत पाठवते आहे.