आबांची आंघोळ

प्रिय ज्ञानू,

अक्षर वाकडंतिकडं येईल, चालवून घे. घाईघाईनं लिहितेय. तुझ्या आबांनी आज आंघोळ केली! ओल्या फडक्यानं अंग पुसणं नव्हे. खुर्चीवर बसून, साबण लावून, चांगली दोन बादल्या पाण्याची! मी इथं केंद्राच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. आबांचं करणारा पोरगा गोकुळ सांगत आला, तशी तव्यावरची भाकरी टाकून धावले. जळली ती. जळू दे.

लकवा मारल्यावर आबांना हर्सूलच्या या सेवाकेंद्रात आणलं, ते माझ्यानं एकटीनं उचलवेना म्हणून. माणसं चांगली आहेत इथली. पण आंघोळीची वेळ झाली की आबा धड राहिलेला डावा हात असा फिरवायचे, की कुणी जवळ जाईना. जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस. त्याला परक्यांनी उघडं करायचं, लंगोट बदलायचा, धुवायचं. मला हात लावू द्यायचे, पण डोळे गच्च मिटून. मग पाठीला जखम झाली. अशीच आबाळ राहिली तर अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले. लई घाबरले होते गं मी. तुला बोलले नाही.

गोकुळ इथं नवीनच लागलाय, आपल्या वैजापूरकडचा. पहिल्या दिवशी त्यानंही सगळ्यांसारखा डोक्यावर तांब्या ओतला. आबा भडकले. जीभ अजून अडखळते, तरी ओरडले, "मेंढराला बी आधी पायावर पाणी घालतेत रे!" गोकुळ हसला नाही. समोर बसला न् म्हणाला, "मामा, मग मला सांगा, मेंढरं कशी धुता?" लोकर कातरायच्या आधी ओढ्यावर कळप कसा न्यायचा, बुजलेल्या मेंढीला कसं धरायचं, आबा सांगतच राहिले. आजारपणानंतर इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून गोकुळ विचारल्याबिगर हात लावत नाही. पडदा ओढतो, मांडीवर पंचा टाकतो, पाणी आधी पायावर. जिथं आबांचा हात पोचतो, तिथला साबण त्यांच्याच हातात देतो. आधी नुसते पाय, मग पाठ, आणि आज सगळंच! जखमही सुकत आलीय. वर दाढी झाली, मिशीला तेल लागलं. आरशात बघून मला म्हणतात कसे, "सारजे, बरा दिसतो का?" मी पदरात तोंड लपवून हसले, रडलेही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर आबांचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून हा कागद. आबा अंथरुणाला खिळलेले असताना, लग्नानंतर तू राजकुमाररावांना घेऊन आलीस, आणि आबांनी भिंतीकडं तोंड फिरवून नुसतं "जा" म्हटलं. आपल्या मनानं लग्न केलं म्हणून आबांनी तोडलं, असं तू धरून बसलीस. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. आज पाठ पुसताना त्यांनी आपणहून सांगितलं. तुम्ही दारात आलात तेव्हा त्यांचं अंथरूण खराब झालं होतं. नव्या जावयाला वास येईल, लेक आपल्याला असं बघेल, म्हणून तोंड फिरवलं. "राग नव्हता सारजे, लाज वाटली." रविवारी दोघं या. चिकलठाण्याहून असं कितीसं लांब आहे? आबांनी धुतलेलं धोतर काढून ठेवायला लावलंय, आणि तुमच्या दोघांच्या खुर्च्या पलंगाला अगदी चिकटून मांडायला सांगितल्यात.

वाट बघणारी तुझीच,
आई