बादलीवरचा आळ

बाबा, माडीवरच्या न्हाणीतली तुमची फरशी मी या आठवड्यात उखडली. तुम्ही असता तर दारात उभे राहून "अगं, हळू" म्हणाला असतात. हळू केलं नाही. चाळीस वर्षं थांबले होते.

तो दिवस अजून दिसतो. मी सोळा वर्षांची, कॉन्व्हेंटातून नुकती बाहेर पडलेली, इंजिनिअरिंगचा फॉर्म हातात घेऊन उभी. तुम्ही मानक नगरच्या रेल्वे संशोधन ऑफिसातून आलाय, बूट काढताय. फॉर्म न वाचताच परत देता. "हे मुलींचं काम नाही." दोनच दिवसांनी न्हाणीतल्या नव्या पांढऱ्या टाइलांना तडा दिसला आणि तुम्ही घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "बादली आपटलीस ना? हिला बादली धड ठेवता येत नाही, आणि म्हणे पूल बांधणार!" आई हसली. मी शपथेवर नाही म्हटलं, कोणी ऐकलं नाही. पुढे घरी येईल त्याला तुम्ही तो तडा दाखवायचात आणि तीच गोष्ट सांगायचात. मी बी.एड. झाले, शाळेत गणित शिकवत म्हातारी झाले, पण तुमच्या लेखी मी बादलीवालीच राहिले.

आता ऐका. टाइला निघाल्या तेव्हा खाली काय होतं? लाकडी फळ्या, त्यांवर थेट सिमेंटचा माल. मध्ये काही नाही. फळ्यांचे खिळे सैल, पाय ठेवला की फळी खाली-वर. आणि तडा बरोबर दोन फळ्यांच्या सांध्यावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोरी लावून आखल्यासारखा सरळ. बादली अशी पडत नाही, बाबा. बादली गोल असते. दिवसभर रुळांचा कंप मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाखालचा कंप कळला नाही!

मिस्त्री म्हणाला, "मैडम, ऊपर से मसाला डाल देते हैं, पचास साल नहीं हिलेगा."

"भैया, पहलेवाले ने भी यही सोचा था. और वो तो इंजीनियर थे."

मग मी म्हातारा सुतार बोलावला. त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला फळ्यांवर ठेवला. "बहनजी, ज़रा चलिए. पानी ख़ुद बता देगा." दोन पावलांत पाणी सांडलं. तेव्हा कुजक्या फळ्या बदलल्या, तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे ठोकले, प्रत्येक फळी स्क्रूने आवळली. वर जाड वॉटरप्रूफ प्लाय, त्याचे सांधे फळ्यांच्या सांध्यांवर येणार नाहीत असे, भिंतीलगत बोटभर जागा सोडून. लाकूड फुगतं, त्याला हातपाय पसरायला जागा लागते. त्यावर डांबरी कागद, त्यावर तारेची जाळी. मिस्त्री दारात उभा राहून जांभया देत होता. त्याला मी इंग्रजीत झापलं. सिस्टरनी शिकवलेलं इंग्रजी इतक्या वर्षांनी कामी आलं.

काल पुन्हा पेला ठेवला. मी चालले. पाणी हललं नाही. मग मी उडी मारली.

"अरे बहनजी, घुटने!" सुतार ओरडला.

"घुटने मेरे हैं. आप गिलास देखिए."

एक थेंब सांडला नाही, बाबा. सुतार म्हणाला, "लगता है आपने यही पढ़ाई की है." मी हो म्हटलं. खोटं बोलले, पण मान वर करून.

उद्या टाइला बसतील. हे पत्र प्लायखाली ठेवायचा विचार होता, पण कागदाची एक घडी जरी खाली राहिली तरी वरचा भाग सपाट राहत नाही. तेव्हा कपाटातच ठेवते. तुमच्या जुन्या फरशीच्या पलीकडच्या कोपऱ्यातली एक टवका उडालेली टाइलही त्यासोबत ठेवली आहे. तिथून तडा गेला नव्हता. तो टवका मात्र माझा. फॉर्म परत दिलात त्या संध्याकाळी बादली मी दोन्ही हातांनी उचलून आपटली होती.