सवतीची किल्ली

६ एप्रिल १९९१, लीड्स

आणखी एक कॅटलॉग! मी पोळ्या लाटत होते, पोस्टमननं दारातून पाकीट ढकललं आणि हे जिन्यावरून धावत खाली. धावत! रेखाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा ह्या माणसानं आधी शांतपणे बूट पॉलिश केले होते.

आणि कॅटलॉग कशाचा—तर रिव्हॉल्व्हरचा. जुन्या काळी अमेरिकेत काऊबॉय कमरेला लटकवायचे, तसल्याच्या हुबेहूब नकला. इटलीत बनतात म्हणे. ह्यांचा मित्र उदय ह्यांना दर रविवारी त्याच्या क्लबात नेतो. तिथे चांगले शिकलेसवरलेले लोक मोठ्या टोप्या घालून, कमरेला चामड्याचे पट्टे बांधून, लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतात. कोण लवकर पाडतो ते घड्याळ लावून बघतात. प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागतो, त्यातच सगळी गंमत, असं उदय सांगतो. क्लबचं साधं रिव्हॉल्व्हर वापरायला मिळतं, पण उदय म्हणाला, "पद्या, स्वतःचं घे." झालं! आता ह्यांना स्वतःचं हवं. तेही नक्षी कोरलेलं.

९ एप्रिल

जेवताना कॅटलॉग ताटाशेजारी. आमटीचा थेंब पडला, तर ह्यांनी तो बोटानं अलगद टिपला. माझ्या पैठणीवर कॉफी सांडली होती तेव्हा काय म्हणाले होते? "जाईल धुतल्यावर."

२० एप्रिल

ह्यांच्याबरोबर दुकानात गेले. म्हटलं बघू तरी, काय एवढी अप्सरा आहे.

दुकानदारानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि एकेक बाहेर काढलं. हे दोन्ही हातांनी घेत होते. उजेडाकडे धरत होते. एकीच्या नळीवर वेल, एकीच्या अंगभर पानं, एकीची मूठ हस्तिदंती रंगाची. "ही पानं बघ कशी वळलीत." मी बघितली. पानंच ती! आमच्या बागेतल्या गुलाबाला कीड लागून महिना झाला, तिकडे ह्यांचं लक्ष नाही.

मला बघायला आले होते ते आठवलं. सदाशिव पेठेत, काकांकडे. मी मान वर करून नीट बघायच्या आत पोहे संपले आणि होकार आला. मला वाटायचं मी एका नजरेत भरले. आज वाटलं, ह्यांनी बघितलंच नव्हतं! हिला मात्र पुढून, मागून, भिंगातून.

मी म्हटलं, "स्वयंपाक येतो का ते विचारा. आणि गाणं म्हणायला सांगा." पूर्वी असल्या बोलण्यावर हे खो खो हसायचे. आज हसले नाहीत. ऐकलंच नसावं.

मी तिला सवतच म्हणणार आहे. इथे लिहायला कोणाची चोरी?

२ मे

जेवण अर्धं टाकतात. झोप नाही. खिडकीशी उभे राहतात. काय झालं विचारलं की "काही नाही." सोळाव्या वर्षी प्रेमात पडलेल्या पोराची सगळी लक्षणं—छपन्नाव्या वर्षी!

म्हटलं, हॉस्पिटलचं काही आहे का? तर नाही म्हणाले. असणार तरी काय? जानेवारीतल्या त्या केसची चौकशी मार्चमध्येच संपली. ऑपरेशन टेबलावर ती बाई गेली, भूल ह्यांनी दिली होती, पण ह्यांची काही चूक नाही असं चौकशी करणाऱ्यांनी स्पष्ट लिहून दिलं. मी त्या दिवशी शिरा केला होता. माणसानं सुटकेचा श्वास टाकावा की नाही? ह्यांनी कॅटलॉग मागवले.

१२ मे

नंदाला फोन! नक्षीबद्दल! किती वेळ! नंदा म्हणजे उदयची बायको. तिचे वडील नाशिकला सराफ होते, म्हणून तिला कोरीवकाम कळतं म्हणे. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. "बारीक वेल की मोठी पानं?" आणि नंतर "हो का? हो का? तुम्ही म्हणता तर बारीक."

नंदा त्या क्लबात झालरीचा झगा आणि बॉनेट टोपी घालून जाते. घालू दे! पण मला का नाही विचारलं? मला नक्षी कळत नाही? ह्यांनी घेतलेल्या पाटल्यांना सतरा वर्षं हे "तुझे ते तोडे" म्हणतात, आणि मी कधी चूक काढली नाही.

मी जळते आहे. लिहूनच टाकते. नंदावर जळते, लोखंडावर जळते, पोस्टमनवरसुद्धा जळते.

१३ मे

नंदाला सोडलं. बिचारीनं आज मी काम करते त्या शाळेत फोन करून विचारलं, "सुलक्षणा, भावजी बरे आहेत ना?" मी म्हटलं, छान आहेत, साखरपुडा व्हायचाय.

१९ मे

रेखाचा बर्मिंगहॅमहून फोन. "आई, बाबाचा गन आला का?" मी आगपाखड केली ती केलीच. ती हसायला लागली. "यू आर जेलस ऑफ अ गन! आई, ऑनेस्टली!" मग हसू थांबवून म्हणाली, "बाबा फोनवर खूप छोटा बोलते आता. यस, नो, ओके. तू बोल ना त्याच्याशी."

मी म्हटलं, मला नको सांगूस, त्या सवतीला सांग.

१ जून

पसंती झाली! हस्तिदंती मुठीची, बारीक वेलीची. दुकानदारानं नाव लिहून बाजूला ठेवली. पोलिसांचा परवाना आला की घरी आणायची. मी दिवसभर भांडी आपटली.

४ जून

ह्यांनी दुकानात फोन केला—"अजून जरा बघतो." ठरलेलं मोडलं! मला पेढे वाटावेसे वाटले.

७ जून

पुन्हा कॅटलॉग. आता मोठ्या पानांची. देवा! एखादा माणूस कशात इतका बुडतो? माझ्यात नाही कधी बुडला.

८ जून

आज उदय आला आणि वरच्या छोट्या खोलीत भिंतीला लोखंडी कपाट ठोकून गेला. परवान्याआधी पोलीस येऊन कपाट बघतात. उदय म्हणाला, "वहिनी, एक सांगतो, रागावू नका. ह्याची किल्ली फक्त पद्याकडे. कुठे ठेवलीय ते तुम्हाला कळतासुद्धा कामा नये. नाहीतर परवाना मिळत नाही."

माझ्या घरात! सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला त्या दिवसापासून ह्या माणसाच्या सुटकेसचीसुद्धा किल्ली माझ्याकडे असते. मोटारीची दुसरी किल्ली माझ्याकडे. हॉस्पिटलच्या लॉकरची माझ्याकडे. आणि आता एक कपाट असं, की ज्याची किल्ली हे जपणार आणि मी त्याच घरात भाकऱ्या थापणार!

 हे किल्ली मुठीत धरून उभे होते.

९ जून

सापडली! शोधावीसुद्धा लागली नाही. कुठे ठेवावी ह्या हुशार माणसानं? मिसळणाच्या डब्यात! हळदीच्या वाटीखाली! सकाळी फोडणी करायला डबा उघडला, वाटी डुगडुगायला लागली, उचलून बघते तर किल्ली. अख्ख्या घरात मी दिवसातून दहा वेळा उघडते ती एकच वस्तू, आणि ह्यांनी नेमकी तीच निवडली. प्रेमात माणूस आंधळा होतो तो असा.

वर जाऊन कपाट उघडलं. रिकामं. तरी आत हात फिरवून बघितला. मग किल्ली पुसली आणि माझ्या जुडग्यात अडकवून टाकली. विचारू देत. विचारलं की मग बोलते मनातलं सगळं.

२३ जून

विचारत नाहीत.

११ जुलै

आज पोलीस आला होता. युनिफॉर्ममध्ये नाही, टाय लावून. मोठा गोड माणूस. चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, "लव्हली, दीज" म्हणाला. क्लबचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. "स्लीपिंग ऑल राइट, डॉक्टर?" हे म्हणाले, यस. मी मनात म्हटलं, कुठला यस?

मग त्यानं वर जाऊन कपाट हलवून बघितलं. पसंत पडलं. "अँड द की?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मग खाली आले, आम्ही मागोमाग. स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. डब्याला हात लावला नाही. नुसते उभे.

मला ह्यांची अब्रू झाकता आली असती. म्हणता आलं असतं, अहो, हे क्लबात ठेवून आले असतील, आणि नंतर गुपचूप किल्ली परत ठेवली असती. ह्यांचे तीन महिने, सगळी पानं, सगळ्या वेली—सगळं माझ्या एका हालचालीवर होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. मी कमरेचा जुडगा काढला आणि टेबलावर टाकला. "धिस वन," म्हटलं.

पोलिसानं जुडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वेल, लव्ह. दॅट्स अ प्रॉब्लेम, इझंट इट?" मग ह्यांना विचारलं, बायकोकडे किल्ली कशी? हे म्हणाले, "शी हॅज ऑल द कीज." त्यानं फाईल मिटली. नवीन कुलूप लावा, किल्ली नीट ठेवा, मग कळवा, मी पुन्हा येईन. तोवर परवाना नाही!

दार लावलं आणि मला इतका आनंद झाला की माझी मलाच भीती वाटली.

१२ जुलै

उदयचा फोन. "वहिनी, तुम्ही मुद्दाम केलंत." हो! केलं मुद्दाम! ऐकून घेतलं त्यानं. कुलूप तोच आणून देणार आहे. शनिवारी.

हे रागावत नाहीत. मी सकाळपासून भांडणाच्या तयारीत बसले आहे, सगळी उत्तरं पाठ आहेत. पण काल ह्यांनी पूर्ण जेवण केलं. ताकसुद्धा मागून घेतलं. आणि झोपले, घोरले! तिच्यापासून तोडलं तर माणूस खंगायला नको का? हे मला कळत नाही. न कळण्यानं आणखीच चिडचिड होते.

१३ जुलै

उदय कुलूप घेऊन यायच्या आधी हे माझ्याजवळ येऊन बसले. मी गवार मोडत होते. हेही मोडायला लागले. म्हणाले, "उदयला येऊ नको म्हणून सांग. मला ते नकोय."

मी म्हटलं, किल्ली मी घेतली म्हणून ना?

"ती तूच घ्यावीस म्हणून तर तिथे ठेवली होती. तुझा हात रोज जातो तिथे."

मग खाली मान घालूनच बोलले. "ती बाई गेल्यापासून रोज वाटतं, आपण नसावं. मी क्लबात जातो ते बरं वाटतं म्हणून, पण ते हत्यार घरात आलं असतं, सुलू, तर मी एक दिवस ते स्वतःवर चालवलं नसतं, ह्याची मला खात्री देता येत नव्हती. म्हणून ठरवत नव्हतो. पानं मोठी की बारीक, पानं मोठी की बारीक. नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं. कुणीतरी किल्ली घ्यायला हवी होती."

सोमवारी ह्यांना घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे जाणार आहे. फोन झाला. रेखा गाडीत बसली आहे, येतेच आहे. हे दुपारचे कोचावर झोपलेत. ह्यांचा हात मी सोडलेला नाही, म्हणून वही हलते आहे आणि अक्षर असं आलंय.