सूपभर ज्वारी

१२ एप्रिल १९९९, सोमवार

आज सकाळी नऊ वाजता आमच्या घरातल्या एकमेव आरशाचं निधन झालं. फुटला नाही. फुटला असता तर चार शेजारणी तरी हळहळल्या असत्या. त्याच्यावर एबीसीडीचा तक्ता टांगला गेला. प्लास्टिकचा, चकचकीत, दुकानातला. "घरात हाच एक खिळा पक्का आहे," असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं. बावीस वर्षं संसार केल्यावर कळलं की या घरात पक्कं म्हणावं असं काहीतरी आहे!

आता मी सफरचंदाकडे बघून भांग पाडते आणि क्यूच्या राणीकडे बघून कुंकू लावते. राणी ताजीतवानी दिसते. तिला साडेतीन वर्षांची लेक नसावी.

मला आहे. आचल. अठ्ठावीस जूनला ती केजीत जायची आहे. बसस्टँडमागे नवीन इंग्रजी शाळा निघाली आहे आणि अर्धी आर्वी तिकडे धावते आहे. ह्यांचं स्टेशनरीचं दुकान, तेव्हा हे सगळ्यांच्या पुढे. वर्ध्याच्या साप्ताहिकातल्या माझ्या 'टाचणी' सदरात मागच्याच महिन्यात मी या धावणाऱ्यांना भरपूर टोचलं होतं. खाली नाव नसतं, हे बरं. फॉर्म आणायला मलाच जायचं आहे.

१७ एप्रिल

फॉर्म आणला. रीना मॅडम म्हणून एक मुलगी आहे तिथे. तिचं वय माझ्या लग्नाइतकं. आचल माझ्या पदरात तोंड खुपसून उभी. मॅडम गोड हसली — "आजी, बेबीच्या मम्मीला पाठवा ना."

"मम्मी मीच आहे."

बिचारीनं पाणी मागवलं. स्वतःसाठी.

तिची चूक नाही. अठराव्या वर्षी लेक झाली — माझ्या नव्हे, लग्नाच्या. मग मॅडम म्हणाली, "लिहिणं-वाचणं आम्ही शिकवू. फक्त मूल अडीच तास आईशिवाय बसलं पाहिजे. तेवढं घरून शिकवून आणा."

अडीच तास! साडेतीन वर्षांत मी न्हाणीघराची कडी लावलेली नाही.

फाटकाशी सखू भेटली. आचलच्या जन्मानंतर आम्हा दोघींना तेल लावून शेकणारी तीच. तिला या शाळेत आयाचं काम लागलंय. निळी साडी नेसून नुसती मिरवत होती. आचलच्या गालाला हात लावून नेहमीचं म्हणाली, "पोरगी शायेत चालली अन् माहं सूप अजून राह्यलंच, बाई."

"देईन गं."

"द्या न. म्या कोठी नाई म्हनते?"

ही सासूबाईंची करामत. त्यांच्या घरची रीत अशी — उशिराचं लेकरू बाराव्या दिवशी सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकायचं. बाई अशी, की जिची सगळी लेकरं जगली. सखूची पाचही जगली. तिनं म्हणायचं, "हे माहं." मग ते परकं लेकरू आपण सांभाळायला घरी आणायचं. वरून बोलावणं घेऊन कोणी आलंच तर पत्ता चुकावा, एवढाच बेत! आणि पाटी हाती देण्याआधी त्याच सुपात ज्वारी भरून नेऊन द्यायची, की लेकरू परत आपलं. म्हणजे या घडीला कायद्यानं आचल सखूची आणि मी बिनपगारी दाई. सासूबाई गेल्या दिवाळीनंतर गेल्या. सूप फळीवर आहे.

३ मे

ह्यांनी मुलाखतीची तालीम सुरू केली आहे. दुकान बंद करून दुपारी जेवायला येतात, तेच साहेब होऊन.

"तुझं नाव काय?"

"आईले इचार."

"किती वर्षांची आहेस?"

"आईले इचार."

"तुले भूक लागली का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "हो," म्हणाली.

ह्यांनी डोक्याला हात लावला. "अन् आई नसली तं?"

तिनं माझा पदर मुठीत घेतला. मग म्हणाली, "आई असते."

साहेब जेवायला बसले.

९ मे

आज प्रयोग. आचलला शोभाबाईंकडे पंधरा मिनिटं ठेवायचं. भिंतीला भिंत लागून घर. मी घरी येऊन घड्याळासमोर बसले. सातव्या मिनिटाला मला चाळणीची फार गरज पडली. शोभाबाईंकडेच चांगली चाळणी आहे.

गेले तर पोरगी त्यांच्या ओट्यावर चिंचोके मांडून खेळत होती. मला पाहिलं आणि मग रडली.

शोभाबाई कमरेवर हात ठेवून — "रुख्मिणी, पोरगी मस्त खेळून राह्यलती. तू काऊन आली व?"

"चाळणी पाहिजे होती."

"हातात काय हाय मंग?"

हातात माझीच चाळणी होती.

२० मे

सत्तेचाळीस डिग्री. कूलर लू फेकतो आहे.

आज घरी शाळा भरली. आचल मॅडम, मी विद्यार्थिनी. मॅडमनं ह्यांचा चष्मा लावला होता. मला हात समोर करून बसवलं, डबा दिला, झाकण उघडायला लावलं. उघडलं. "साबास." पाणी सांडलं म्हणून एक चापट. मी रडायचं नाटक केलं — "मला आईकडे जायचं!"

मॅडम जवळ आली, माझं नाक पुसलं. स्वतःच्या फ्रॉकनं. म्हणाली, "रडू नोको. आई येते घ्याले."

हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

१० जून

पाऊस नाही, फणफण भरपूर. जेवताना हे म्हणाले, "आईनं सांगतलं होतं, शाळेच्या आंदी सखूचं सूप द्यायचं. देऊन टाक न आता."

मी म्हटलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नवस, गंडे, ताईत — सगळ्यांवर मी 'टाचणी'त लिहिलेलं आहे. कात्रणं आहेत.

"विश्वास नाई तं देऊन टाक. सूपभर ज्वारीनं काय होते?"

"विश्वास नाही म्हणूनच देत नाही!"

ह्यांनी ताटातलं वरण संपवलं, हात धुतला आणि जाता जाता म्हणाले, "नाई, ते उलटं होते. विश्वास असते म्हनूनच कोनी देत नाई."

रबर-पेन्सिली विकणाऱ्या माणसाला तर्कशास्त्र कोणी शिकवलं?

११ जून

दुपार. आचल झोपली आहे, पदर तिच्या मुठीत. डाव्या हातानं वही धरून लिहिते आहे.

काल हे बरोबर बोलले. या वहीत कोणाला टोचायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आचलच्या आधी दोन झाली. एक एकोणीस दिवसांचा. एक चार महिन्यांची. दुसरीचं नाव ठेवलं होतं. ते मी या घरात कधी उच्चारत नाही, इथेही लिहीत नाही. तेव्हा कोणाच्या ओटीत टाकलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, मी हसले होते. शिकलेली ना!

मग यंदा फेब्रुवारीत आचलला गोवर निघाला. अंगभर लाल, डोळे उघडेनात. हे तीन दिवस दुकानात गेले नाहीत. मी स्वयंपाक केला, कपडे धुतले, सदरसुद्धा वेळेवर पाठवलं. शोभाबाई गल्लीभर सांगत सुटल्या, काय धिराची बाई! दुसऱ्या दिवशी सखू दारात आली, आत डोकावली आणि जाताना म्हणाली, "माहं सूप राह्यलं बरं, बाई." त्या रात्री मी झोपले. गाढ.

धीर कसला? एकच मनात होतं — ही माझी नाही, सखूची आहे. सखूची सगळी जगतात.

आणि आता ते सूप भरून द्यायचं, म्हणजे दारावर आपलं नाव लावायचं. ही माझी. इथे राहते. या.

अशी ही 'टाचणी'वाली.

२७ जून

निळा फ्रॉक, पांढरे मोजे, बूट एक नंबर मोठे. उद्या.

२८ जून, सोमवार

लिहायलाच हवं.

फाटकाशी चाळीस मुलं एका सुरात रडत होती. आमची नाही. आमची बाटली छातीशी धरून बघत होती. सखूनं हात पुढे केला — "द्या इकडं, बाई." आचलनं खरंच एक पाऊल टाकलं. मी बघत होते, टाकलं. आणि मी तिचं मनगट ओढलं.

रीना मॅडमला सांगितलं, अंग गरम लागतंय. तिनं आचलच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. सखूनंही. रिक्षा केली.

रिक्षात आचलनं विचारलं, "शाळा झाली?"

२९ जून

"अजून कणकण आहे." — मी, ह्यांना.

हे खुर्चीवर चढले, एबीसीडीचा तक्ता काढला, गुंडाळी केली, कपाटावर टाकली. दुकानात गेले.

आरसा मिळाला. अडीच महिने ज्याच्यासाठी बोंबलले तो! समोर उभं राहवलं नाही. पाठ करून भांग पाडला.

रीना मॅडमची चिठ्ठी आली. सोमवारपर्यंत मूल बसलं नाही तर जागा दुसऱ्याला देतील.

३० जून

सकाळी उठले तर आचल उंबऱ्यावर बसलेली. फ्रॉक उलटा घातला होता, बूट उलटसुलट. मांडीवर डबा. डबा रिकामा.

"काय करतेस गं इथं?"

"माहा ताप गेला का, आई?"

मी हो म्हटलं. मग आत गेले आणि फळीवरचं सूप काढलं. झाडलं. एक कोळी राहत होता त्यात.

१ जुलै, गुरुवार

सात वाजता निघालो. सुपात ज्वारी, वर पदर. आचल गणवेशात, सुलट. सखू निळी साडी नेसून चुलीपाशी भाकर टाकत होती. सूप पाहून म्हणाली, "हे कायची ज्वारी, बाई?"

"तुझी. राहिलेली."

तिनं भाकर तव्यावर उलटली. "मले तं म्हातारीनं कवाच देल्ली. दिवाईच्या आंदी. काठी टेकत आलती, हा माहा पोरगा सोनबा साक्षी हाय. म्हने, सुनेले सांगू नोको, तिचा जीव घाबरते."

"मग माझ्याकडे का मागत होतीस इतके दिवस?"

"म्या मांगतलं का तुमच्या तोंडावर जीव येत जाय. म्हनून मांगत राह्यली."

दिवाळीआधी. म्हणजे फेब्रुवारीत गोवर निघाला तेव्हा ती माझीच होती. आमच्याच घरची, आमच्याच नावाची. आणि उठून खेळायला लागली होती.

ज्वारी सखूनं घेतली नाही. "दोनदा नाई घेत, बाई," म्हणाली. तिघी शाळेपर्यंत चालत गेलो. फाटकाशी मी बोट सोडलं. आचलनं सखूचं धरलं आणि मला विचारलं, "तू कोठी चालली?"

"घरी."

"जाय. अन् घ्याले येजो."

येताना सखूच्या घरावरून आले. तिचा सोनबा दारात खाट विणत होता. आत जाऊन तिच्या धान्याच्या कोठीत सूप रिकामं केलं.

"कायची व्हय, बाई?" सोनबानं विचारलं.

"माझ्याकडची," म्हटलं. सूप झटकलं आणि घरी आले. अकराला तिला घ्यायला निघायचं आहे.